खेळातलं फिजिक्स: अकरावीच्या पोस्टरना मार्क कसे द्यायचे?

जर्नल_तपासणारी

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. यंदा अकरावीला जर्नलच्या जोडीला एक पोस्टर ठेवलंय, विषय खेळातलं फिजिक्स, चार-चार जणांचे गट, एकूण २५ मार्क. पोस्टर आली, व्हरांड्यात लावून झाली, आणि आता मार्क देताना हात अडतोय म्हणून इथे लिहितेय. इथे शिक्षक आहेत, खेळाडू आहेत, पालकही आहेत, सगळ्यांचं ऐकायचंय.

वरून आलेल्या तक्त्यात सादरीकरणाला १०, आशयाला १०, तोंडी ५ असं आहे. आता दोन पोस्टर सांगते. पहिलं क्रिकेट बॉलच्या स्विंगवर. फ्लेक्सवर छापलेलं, रंग झकास, बॉलभोवती हवेच्या निळ्या-लाल रेषा, बर्नोलीचं समीकरण ठळक चौकटीत. बघणारा थांबतोच. मी विचारलं, शिवण स्लिपकडे वळलेली आहे आणि चकचकीत बाजू बॅट्समनकडे, तर नवा बॉल कुठे जाईल? चौघं एकमेकांकडे बघायला लागले. मग एकाने पोस्टरवरचंच वाक्य वाचून दाखवलं, की चकचकीत बाजूने हवा वेगात जाते म्हणून तिकडे दाब कमी होतो. म्हणजे त्यांच्या हिशोबाने बॉल आत येणार, आणि यातला एक जण स्वतः कॉलेजच्या टीममधून ओपनिंग बॉलिंग टाकतो, त्याला हाताने पक्कं माहितीये की तो बाहेर जातो!

दुसरं पोस्टर खो-खोवर, चार मुलींचं. अप्पा बळवंत चौकातून आणलेली पिवळी कार्डशीट, स्केचपेन, दोन ठिकाणी व्हाइटनर. प्रश्न एकच, की धावणारी खांबाला हात घालून वळते तेव्हा खांब नेमकी किती मदत करतो. मैदानावर खांबाभोवती फक्कीने वर्तुळं आखली, दुसऱ्या मजल्यावरून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं, फ्रेम मोजून वेग काढला. वळताना वेग साधारण ३ मीटर प्रति सेकंद, वळणाची त्रिज्या ०.७ मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे जवळजवळ १३ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण, गुरुत्वाच्या सव्वापटीहून जास्त. मुलीचं वजन ४५ किलो, म्हणजे साधारण ५८० न्यूटन बल लागतंय. मग यांनी काय केलं, तर तिचाच बूट घेतला, त्यात वजनं ठेवली, मैदानाच्या मातीवर स्प्रिंग बॅलन्सने ओढला आणि घर्षणाचा गुणांक (ओढायला लागलेलं बल भागिले वजन) काढला, ०.७ च्या आसपास. म्हणजे पायाखालची माती फार तर ३१० न्यूटन देणार, उरलेले २७० खांबाला धरलेल्या हातातून येणार. शेवटची ओळ अशी: "खांब धरताना आपण हातावर साधारण २७ किलो वजन पेलत असतो." हे वाचून मी जागेवर थांबले. वीस वर्षं शिकवतेय, वर्तुळाकार गतीचं इतकं चांगलं गणित एकाही गाइडात बघितलं नाही.

तक्त्याप्रमाणे मार्क दिले तर फ्लेक्सवाल्यांना १८-१९ पडतात आणि या मुलींना १७. हे मला मान्य नाही. तक्ता बदलायची परवानगी मी मागू शकते, पण बदलून काय ठेवू ते नीट ठरवून जायचंय. सांगा.

निवृत्त_वर्कशॉप

मॅडम, आयुष्य मोजमापात गेलंय, पिंपरीला क्वालिटी कंट्रोलला होतो, त्यामुळे माझं मत सरळ आहे. निम्म्याहून जास्त मार्क स्वतः घेतलेल्या रीडिंगला द्या आणि त्यातले काही मार्क फक्त एवढ्यासाठी राखून ठेवा की रीडिंग किती चुकलेलं असू शकतं हे पोराला माहितीये का.

उदाहरण देतो. माझ्या नातवाने सोसायटीत बॉलिंगचा स्पीड काढला स्टॉपवॉचने. क्रीज ते क्रीज अंतर १७.६८ मीटर (२२ यार्ड म्हणजे २०.१२, त्यातून दोन्हीकडचे १.२२ वजा) आणि वेळ आली ०.९ सेकंद. वहीत लिहिलं ७०.७२ किमी प्रतितास. मी म्हटलं बाळा, बटण दाबायला माणसाला ०.२ सेकंद इकडेतिकडे लागतातच, आता ०.७ आणि १.१ घालून बघ. आलं ९१ आणि ५८! म्हणजे खरा आकडा ५८ ते ९१ मध्ये कुठेही, आणि आपण दशांशानंतर दोन घरं लिहितोय. त्याला जे कळलं ते त्या दिवशी पक्कं कळलं. तुमच्या पोस्टरांमध्ये किती ठिकाणी असे दोन-दोन दशांश आहेत ते बघा, तिथे मार्क कापा, आणि ज्याने "साधारण ७०, पण १५-२० ने चुकू शकतं" असं लिहिलंय त्याला भरभरून द्या.

जर्नल_तपासणारी

@निवृत्त_वर्कशॉप काका, आत्ताच व्हरांड्यात जाऊन बघून आले, अकरा पोस्टरांपैकी सातांवर दोन दशांश आहेत. हे तक्त्यात जाणार. खो-खोवाल्या मुलींनी "०.७ च्या आसपास" लिहिलंय पण आसपास म्हणजे किती ते नाही, त्यांनाही विचारीन.

डिझायनर_कोथरूड

थोडा विरोधी सूर लावतो. मी पोस्टर-माहितीफलक करूनच पोट भरतो, आणि सादरीकरण म्हणजे नुसती सजावट असं इथे गृहीत धरलं जातंय ते मला खटकतंय. पोस्टर ही लांबून वाचायची गोष्ट आहे, दीड मीटरवर उभं राहून प्रश्न काय, उत्तर काय आणि आलेख कशाचा हे कळलं पाहिजे. कळत नसेल तर ते मोजमाप वहीतच बरं होतं. त्यामुळे सादरीकरणाचे मार्क काढू नका, त्यांची व्याख्या बदला. फ्लेक्स की कार्डशीट, फोटो किती, बॉर्डर कसली, याला शून्य. शीर्षकातच निष्कर्ष आहे का, अक्षांवर राशी आणि एकक लिहिलंय का, आकृतीत बलाचे बाण मोठ्या बलाला मोठे आणि छोट्याला छोटे आहेत का, याला मार्क. या हिशोबाने तुमच्या खो-खोच्या पोरींना सादरीकरणातही चांगले मिळतील, कारण "हातावर २७ किलो" हे कुणीही लांबून वाचून लक्षात ठेवेल. आणि स्विंगवाल्यांचे आपोआप जातील कारण निळ्या-लाल रेषा सुंदर आहेत पण बलाचा बाणच नाहीये, बरोबर ना?

जर्नल_तपासणारी

बरोबर, एकही बाण नाही. हे पटलं. दीड मीटरचा नियम घेते, फरशीवर खडूने रेघच मारून ठेवते म्हणजे सगळ्या पोस्टरना सारखं अंतर.

सीमर_सदाशिव

स्विंगचं आधी सरळ करून टाकू, कारण ही चूक कॉमेंट्रीतूनसुद्धा ऐकू येते आणि पोरं तीच उचलतात.

बॉलला अगदी चिकटून हवेचा एक पातळ थर असतो. गुळगुळीत बाजूवर तो थर शांत वाहतो आणि लवकर सुटतो. शिवणीच्या बाजूला शिवण त्याला ढवळून काढते आणि ढवळलेला थर बॉलला जास्त वेळ चिकटून राहतो, उशिरा सुटतो. त्यामुळे मागे सुटणारी हवा चकचकीत बाजूकडे ढकलली जाते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने बॉल उलट, शिवणीच्या दिशेला. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर, स्लिपकडे. तो ओपनिंग बॉलर मनात बरोबर होता, पोस्टरने त्याला चुकीचं बोलायला लावलं. रिव्हर्स स्विंगला, म्हणजे बॉल नेहमीच्या उलट वळतो तेव्हा, बॉल जुना, खरखरीत आणि वेग भरपूर, तेव्हा थर दोन्हीकडे आधीच ढवळलेला असतो आणि शिवणीच्या बाजूचा थर आता उलट लवकर सुटतो, म्हणून दिशा फिरते.

आणि कुणी "ढगाळ हवेत दमट हवा जड असते म्हणून स्विंग" असं लिहिलं असेल तर तिथेही थांबवा. पाण्याच्या रेणूचं वजन १८, हवेची सरासरी २९, म्हणजे त्याच तापमानाला आणि दाबाला दमट हवा किंचित हलकी असते.

माझं मत, या गटाला नापास करू नका. त्यांना सांगा की तुमचा बॉलर हाताला आलेला अनुभव घेऊन येऊ दे, तो आणि पोस्टर यांच्यात भांडण आहे, ते भांडणच लिहून काढा.

बालेवाडीकर

मी अॅथलेटिक्स कोच आहे. भालाफेकीवर एखादं पोस्टर असणारच मॅडम, आणि त्यावर ४५ अंश असणारच, सांगा आहे की नाही.

जर्नल_तपासणारी

आहे सर 🙂 नीरज चोप्राचा टोकियोचा थ्रो, ८७.५८ मीटर, पल्ल्याच्या (फेकलेली वस्तू किती लांब जाईल त्याच्या) सूत्रात घालून वेग काढलाय २९.३ मीटर प्रति सेकंद, कोन ४५.

बालेवाडीकर

गणित चुकलेलं नाहीये पण ते भाल्याचं नाहीये, दगडाचं आहे, तेही चंद्रावर हवा नाही तशा ठिकाणी जमिनीच्या पातळीवरून फेकलेल्या दगडाचं. प्रत्यक्षात चांगले फेकणारे पस्तिशीच्या आसपासच्या कोनात सोडतात. एक तर भाला सुटतो तो डोक्याच्या वरून, जमिनीवरून नाही. दुसरं म्हणजे हवा त्याला उचलते पण आणि अडवते पण. तिसरं कुणी लिहीत नाही आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोठं, माणसाचा खांदा चढ्या कोनात तेवढा वेग देऊच शकत नाही. कोन वाढवला की वेग पडतो. हे मैदानावर कुठल्याही पोराला दहा मिनिटांत कळतं, गोळा घेऊन ४५ अंशात फेकून दाखव म्हटलं की झालं. आणि १९८४ ला उवे होनने १०४.८० मीटर टाकल्यावर १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात तो बिंदू) ४ सेंटिमीटर पुढे सरकवला, म्हणजे टोक लवकर खाली येतं आणि पल्ला कमी होतो. ८०० ग्रॅमचा भाला तेवढाच राहिला, फक्त वजन कुठे आहे ते बदललं आणि खेळ बदलला. हे त्या पोस्टरवर असतं तर मी उभा राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

मार्कांचं म्हणाल तर, सूत्रात आकडा घातला एवढ्याला थोडे द्या. "हे सूत्र इथे का पुरत नाही" हे लिहिलं की बाकीचे द्या.

खो-खोवाल्या मुलींसाठी एक सुचवतो. खांब नसता तर काय झालं असतं हे त्यांनी करून बघितलंय का? त्यांच्याच आकड्यांवरून, वेग ३ आणि गुणांक ०.७ असेल तर नुसत्या पायावर १.३ मीटरपेक्षा लहान वळण घेताच येणार नाही. मग त्याच मुलीला त्याच वेगाने फक्कीच्या खुणेभोवती खांबाशिवाय वळू दे आणि मोजा. १.३ च्या जवळ आलं तर त्यांचं सगळं गणित उभं राहिलं.

शटलची_आई

पालक म्हणून लिहितेय, मुलगी दहावीत आहे, बॅडमिंटन खेळते. तिच्या शाळेतही असं पोस्टर होतं आणि गटात चौघांपैकी एकीने सगळं केलं आणि चौघांना सारखे मार्क. ती एकटी रात्री जागून आलेख काढत होती. प्लीज याचं काहीतरी करा. आणि दुसरं म्हणजे हल्ली मजकूर चॅटबॉटकडून लिहून घेतात, वाचायला इतका गुळगुळीत असतो की चूक दिसतच नाही, ते कसं ओळखणार?

तिचं पोस्टर शटलवर होतं म्हणून सांगते. १६ पिसं, वजन पाच ग्रॅमच्या आसपास. तिने जिन्यातून सहा मीटरवरून शटल सोडलं. हवेचा विचार न करता गणित केलं तर १.१ सेकंद यायला हवे, मोबाईलच्या व्हिडिओत सव्वा सेकंदाच्या पुढे आले, दर वेळी. तेवढ्यावरून तिने लिहिलं की शटलला पल्ल्याचं सूत्र लावू नये. आणि तिच्या सरांनी नंतर सांगितलं की शटलच्या डब्यावर ७६, ७७ असे आकडे असतात ते वेगाचे, आणि पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, शटलला कमी अडवते, म्हणून इथे मुंबईपेक्षा हळू शटल लागतं. हे ऐकून मीच थक्क झाले, इतकी वर्षं डबे मीच आणतेय.

निवृत्त_वर्कशॉप

@शटलची_आई, हवा साधारण ६ टक्के विरळ धरा. मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. आणि चॅटबॉटचा उपाय जुनाच आहे, कच्ची वही. पोस्टरखाली कच्ची रीडिंगची पानं टाचणीने लावा, खाडाखोडीसकट. आमच्याकडे शॉपफ्लोअरवर फेअर केलेला रिपोर्ट आम्ही बघायचोच नाही, तेलाचे डाग असलेला कागद मागायचो.

जर्नल_तपासणारी

@शटलची_आई ताई, गटाचं मी असं करायचं ठरवलंय: तोंडीचे मार्क प्रत्येकाचे वेगळे, आणि प्रत्येकाला दुसऱ्याने केलेल्या भागावर प्रश्न. ज्याने व्हिडिओ काढला त्याला घर्षणाचं विचारणार, जिने आलेख काढला तिला फ्रेम कशा मोजल्या ते. एकीनेच सगळं केलं असेल तर ते पाच मिनिटांत कळतं. उत्तर मराठीत दिलं तरी पूर्ण मार्क, आमच्याकडे निम्मी मुलं मराठी माध्यमातून आलेली आहेत आणि ती समजून गप्प बसतात.

कच्ची वही नक्की. आणि ज्या गटांकडे चांगला मोबाईल नाही त्यांच्यासाठी डिपार्टमेंटचा एक देतोय, नाहीतर हे मार्क आईवडिलांच्या फोनला जातील.

उसळी

फोन साधा असला तरी चालतो हो. फायफॉक्स नावाचं फुकट अॅप आहे, त्यात आवाजावरून उसळी मोजता येते. बॉल फरशीवर सोडायचा, टप्प्याटप्प्यांच्या आवाजामधला वेळ अॅप पकडतं. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात १.०५ सेकंद आले तर ९.८ गुणिले वेळेचा वर्ग भागिले ८, म्हणजे उसळी १.३५ मीटर. पुढच्या दोन टप्प्यांमध्ये ०.७८ आले तर ०.७८ भागिले १.०५ म्हणजे ०.७४, झाला उसळीचा गुणांक. टेनिसच्या नियमात बॉल २५४ सेंटिमीटरवरून सोडला की १३५ ते १४७ पर्यंत उसळला पाहिजे, त्यावरून गुणांक ०.७३ ते ०.७६ येतो, पोरांना लगेच ताडून बघता येतं. नवा बॉल, गल्लीत महिनाभर खेळलेला आणि टेप लावलेला, तीन बॉल आणि एक दुपार.

मल्लखांब_९८

माझा एक प्रश्न आहे. एखाद्या पोस्टरमध्ये आकडाच नसेल पण प्रयोग खरा असेल तर? आमच्यावेळी मी मल्लखांबावर केलं होतं, की खांबाला एरंडेल लावतात, म्हणजे घर्षण कमी करतात, तर मग माणूस घसरत का नाही. उत्तर मांडीच्या पकडीत आहे, जेवढं जोरात दाबाल तेवढं घर्षण, आणि तेल नसेल तर कातडी खांबाला धरून बसते आणि फिरताच येत नाही. म्हणजे खेळाडूला घर्षण हवंय पण स्वतःच्या ताब्यात हवंय. मी हे काठीवर तेल लावून आणि न लावून दाखवलं होतं, आकडा नव्हता. मला आशयात अर्धेच मिळाले होते, अजून सलतंय.

जर्नल_तपासणारी

हा प्रश्न माझ्यासमोर आत्ता आहे! उंच उडीवरचं पोस्टर. १९६८ ला मेक्सिकोत फॉस्बरीने पाठ खाली करून २.२४ मीटर उडी मारली, त्यात गुरुत्वमध्य दांडीच्या खालून जाऊ शकतो आणि माणूस वरून, हे त्या मुलांनी पुठ्ठ्यावर दाखवलंय. कमानीसारखा वाकलेला माणूस पुठ्ठ्यातून कापला, टाचणीवर लटकवला, ओळंबा सोडून रेघ मारली, मग दुसऱ्या टोकाला लटकवून दुसरी रेघ. दोन रेघा जिथे छेदतात ती जागा पुठ्ठ्याच्या बाहेर, पाठीच्या खाली हवेत. तिथे त्यांनी मागून कागद चिकटवून लाल ठिपका दिलाय. मला हे मोजमापच वाटतं, आकडा लिहिला नसला तरी. लिहायचाच तर ठिपका पाठीपासून किती सेंटिमीटर ते पट्टीने मोजता येईल. तुमचं मल्लखांबाचं माझ्याकडे असतं तर पूर्ण मिळाले असते, कारण प्रश्न खरा आहे आणि उत्तर करून बघितलंय.

सीमर_सदाशिव

+१. "मोजलं का" ऐवजी "करून बघितलं का" असा रकाना ठेवा.

जर्नल_तपासणारी

ठेवला. आज विभागप्रमुखांकडे गेले होते, तासभर बसलो, परवानगी मिळाली. आता असं आहे: करून बघितलं का आणि कच्ची वही, याला १०, त्यातले ३ रीडिंग किती चुकू शकतं याचा अंदाज दिलाय का याला. कारणमीमांसा आणि सूत्र कुठे पुरत नाही, ६. तोंडी ५, प्रत्येकाचे वेगळे. दीड मीटरवरून काय कळतं, ४. आणि सगळ्या गटांना दुरुस्तीसाठी एक आठवडा, मार्क दुरुस्तीनंतरचे.

स्विंगवाल्यांना पोस्टर परत दिलंय. त्यांचा बॉलर नेटमध्ये शिवण दोन्हीकडे वळवून टाकणार आणि बाकीचे विकेटच्या मागून शूटिंग करणार. फ्लेक्सवर पांढरा कागद चिकटवून त्यावर निकाल लिहा म्हटलंय, नवीन फ्लेक्स छापायचा नाही.

बालेवाडीकर

आणि खो-खो? खांबाशिवाय वळल्या का?

जर्नल_तपासणारी

वळल्या सर, काल संध्याकाळी. दोन मुली, प्रत्येकीने बऱ्याच वेळा. वेग तेवढाच ठेवायला त्रास झाला, म्हणून ज्या वेळी वेग ३ च्या जवळ होता तेवढ्याच धरल्या. वळण आलं सव्वा ते दीड मीटरच्या मध्ये. सव्वापेक्षा लहान घ्यायला गेलं की पाय घसरत होता, तेही व्हिडिओत दिसतंय. आता गुणांकातली चूक किती ते काढायला बसल्यात, बूट मैदानावर चार वेगवेगळ्या जागी ओढणार आहेत कारण खांबाजवळची माती जास्त तुडवलेली असते असं त्यांच्यातल्या एकीचं म्हणणं. हे मला सुचलं नव्हतं. ते झालं की मार्क देते आणि इथे टाकते.